आडवाटेवरचा जीपीएस : कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा?

मुलांना घेऊन सह्याद्रीत पदभ्रमणाला जाणारे शिक्षक, रानात नमुने गोळा करणारे विद्यार्थी आणि लडाख-स्पितीसारख्या विरळ वस्तीच्या भागात फिरणारे प्रवासी यांना कधी ना कधी एक प्रश्न पडतो. हातात मावणारा जीपीएस संच घ्यायचा, तर कोणता घ्यावा? उत्तरादाखल माहितीपत्रके आणि तुलनेचे तक्ते भरपूर मिळतात. त्यांत अचूकता, उपग्रहप्रणालींची संख्या, स्मृती, पडद्याचा आकार असे रकाने असतात आणि ज्याचे आकडे मोठे तो संच चांगला, असा निष्कर्ष काढला जातो. या लेखात आम्ही परीक्षण करणार आहोत ते निवडीच्या या पद्धतीचे. तक्त्यांतील आकडे सहसा खोटे नसतात. पण आडवाटेवर माणूस ज्या गोष्टींमुळे अडचणीत येतो, त्यांच्यासाठी तक्त्यात रकानाच नसतो, ही आमची तक्रार आहे.

प्रथम संच काय करतो ते पाहू. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपले स्थान आणि संदेश निघाल्याची वेळ सतत कळवीत असतात. संच हे संदेश फक्त ऐकतो. संदेश पोहोचायला लागलेल्या वेळावरून तो प्रत्येक उपग्रहापासूनचे आपले अंतर काढतो. प्रकाशाच्या वेगाने जाणारी लहर सेकंदाच्या एका अब्जांश भागात ३० सेंटिमीटर पुढे सरकते, त्यामुळे वेळ मोजण्यातली चूक तितक्याच प्रमाणात अंतरात उतरते. संचातले घड्याळ उपग्रहांवरील आण्विक घड्याळांइतके चांगले नसते. म्हणून स्थानाचे तीन निर्देशक आणि घड्याळाची चूक अशा चार अज्ञात राशी होतात आणि त्यांसाठी किमान चार उपग्रह दिसावे लागतात. शालेय बीजगणितातील समीकरणांचा नियमच येथे लागू पडतो.

आता पहिला रकाना, अचूकतेचा. ‘३ मीटर’ असे लिहिलेले असते. पण किती टक्के वेळा? निम्मी मोजमापे ३ मीटरच्या वर्तुळात पडतात असा अर्थ असेल, तर उरलेली निम्मी बाहेर पडतात. दोन्ही दिशांच्या त्रुटी सारख्या आणि स्वतंत्र धरल्या, तर ९५ टक्के मोजमापे सामावण्यासाठी त्रिज्या दुपटीहून किंचित अधिक, म्हणजे ६ मीटरच्या पुढे घ्यावी लागते. एकाच संचाचे वर्णन ३ मीटर आणि ६ मीटर अशा दोन्ही प्रकारे करता येते आणि दोन्ही विधाने खरी असतात! प्रयोगवहीत त्रुटीची मर्यादा न लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण आपण कापतो. हाच नियम माहितीपत्रकाला का लावू नये?

शिवाय हा आकडा मोकळ्या आकाशाखालचा असतो. कोकणकड्यासारख्या कातळाच्या पायथ्याशी निम्मे आकाश झाकलेले असते. कड्यावर आपटून येणारी लहर लांबच्या वाटेने येते आणि संचाची दिशाभूल करते. पावसाळ्यात ओली पाने संदेश क्षीण करतात. नेमक्या ज्या ठिकाणी संचाची गरज भासते, तेथे खोक्यावरचा आकडा लागू राहत नाही.

दुसरा रकाना उपग्रहप्रणालींचा. अमेरिकेच्या जीपीएसबरोबरच रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बैदू यांचे संदेश घेणारे संच मिळतात. हा गुण खरा आहे. आकाशाचा तुकडाच दिसत असेल, तर त्या तुकड्यात जितके उपग्रह जास्त तितके बरे. दोन वारंवारतांवर ऐकणारे संच आणखी उपयोगी ठरतात. आयनांबरामुळे संदेशाला होणारा विलंब वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणून दोन वारंवारतांची तुलना करून तो जवळजवळ पूर्णपणे वजा करता येतो. भारतावरचे आयनांबर चुंबकीय विषुववृत्ताच्या सान्निध्यामुळे अधिक अस्वस्थ असते, तेव्हा आपल्याकडे या सोयीचे मोल जास्तच. आपल्या ‘नाविक’ प्रणालीबाबत मात्र नाव वाचून भुलू नये. तिच्या पहिल्या पिढीतील उपग्रह एल-१ ही सर्वसामान्य संचांची वारंवारता वापरतच नव्हते. ती सोय २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून सुरू झाली.

असे असले तरी अचूकतेच्या या चढाओढीला आडवाटेवर मर्यादित अर्थ आहे. २ मे २००० पूर्वी अमेरिकेने नागरी संदेशात हेतुपुरस्सर बिघाड ठेवलेला होता आणि १०० मीटरपर्यंतची चूक गृहीत धरावी लागे. तेव्हा ३० मीटर आणि १०० मीटर यांत फरक होता. आज ३ मीटर आणि ५ मीटर यांतील फरकाने कोणाचीही वाट चुकत नाही. ती चुकते ती इतर कारणांनी.

पहिले कारण नकाशाशी जुळणी. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्टच्या पृथ्वीगोलावर आधारलेले आहेत, तर जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ हा गोल वापरतो. संचाची मांडणी न बदलता वाचलेले अक्षांश-रेखांश जुन्या नकाशावर टिपले, तर पुण्याच्या परिसरात शंभराहून अधिक मीटरचा फरक पडतो. पन्नास हजारात एक या प्रमाणाच्या नकाशावर ही चूक दोन-तीन मिलिमीटरची, पण डोंगराच्या सोंडेवर तेवढ्यात पठार संपून कडा सुरू होतो. सन २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठी काढलेल्या नकाशांत ही अडचण नाही. तरीही हातातला नकाशा कोणत्या गोलावरचा आहे हे पाहणे आणि संचात तो बदलता येतो का हे तपासणे आवश्यक आहे.

उंचीचेही तसेच. उपग्रहांवरून निघणारी उंची आदर्श गोलापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नसते. मुंबई-पुण्याच्या भागात या दोहोंत साठ-सत्तर मीटरचे अंतर आहे. चांगले संच ही दुरुस्ती स्वतः करतात, मोबाइलवरील काही साधने करीत नाहीत. अशा साधनावर १,६४६ मीटरचे कळसूबाई १,५८० च्या आसपास भरते! हवेच्या दाबावरून उंची सांगणारे संच अधिक स्थिर आकडे देतात. पण दाब ४ हेक्टोपास्कलने घसरला, तर ते जागच्या जागी सुमारे ३५ मीटर वर चढतात. म्हणून माहीत असलेल्या उंचीवर त्यांची पुन्हा जुळणी करावी लागते.

दुसरे कारण ऊर्जा. गार्मिन कंपनीचे २०१९ मध्ये आलेले ई-ट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्स हे संच उदाहरणादाखल घेऊ. दोन्ही संच दोन पेन्सिल सेलवर सुमारे २५ तास चालतात असे कंपनी सांगते. रोज आठ तास चालणाऱ्याला ते तीन दिवस पुरतील आणि चौथ्या दिवशी खिशातली दुसरी जोडी घालता येईल. अंगभूत विद्युतघट असलेल्या संचाचे तास जास्त असले, तरी तो संपल्यावर वाडीवस्तीवर वीज असावी लागते. आम्ही बदलता येणाऱ्या सेलला झुकते माप देतो. ३२एक्समध्ये चुंबकीय होकायंत्र आणि दाबमापक आहे, २२एक्समध्ये नाही. त्यामुळे २२एक्सला चालत असतानाच दिशा कळते. धुक्यात उभ्या असलेल्या माणसाला तो दिशा सांगू शकत नाही. पण ही उणीव साधे होकायंत्रही भरून काढते आणि त्याला सेल लागत नाहीत.

मग मोबाइल का नको? मोकळ्या आकाशाखाली त्याची अचूकता पाच मीटरच्या आसपास असते, म्हणजे तो मुळीच वाईट नाही. पण पावसाच्या थेंबांनी त्याचा स्पर्शपडदा गोंधळतो आणि उन्हात तो नीट दिसत नाही. शिवाय तो उपग्रहांचे वेळापत्रक एरवी मोबाइलच्या जाळ्यातून घेतो. जाळे नसेल तर ते उपग्रहाकडूनच ऐकावे लागते आणि हा संदेश सेकंदाला अवघ्या ५० बिट या गतीने येतो. उपग्रहाच्या स्वतःच्या कक्षेची माहिती मिळायला ३० सेकंद आणि सर्व उपग्रहांची यादी मिळायला साडेबारा मिनिटे लागतात. जंगलात मोबाइल ‘अडकला’ असे वाटते त्याचे एक कारण हे आहे. खटक्यांचा, साधा, जलरोधक संच येथे सरस ठरतो.

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे. जानेवारी २०२१ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यात कळसूबाईला निघालेल्या प्रवाशांची मोटार रात्रीच्या वेळी धरणाच्या पाण्यात गेली आणि चालकाचा मृत्यू झाला. मोबाइलने दाखवलेल्या रस्त्यावरचा पूल पाण्याखाली गेलेला होता. स्थान सांगण्याची यंत्रणा तेथे चुकली नव्हती. मोटार कोठे आहे हे तिला ठाऊक होते, पुढे पाणी आहे हे मात्र ठाऊक नव्हते. उपग्रह फक्त ‘तुम्ही येथे आहात’ इतकेच सांगतात. ‘येथून जा’ हे सांगतो तो नकाशा, आणि नकाशा माणसांनी कधी तरी केलेला असतो. पडद्यावर मात्र दोन्ही विधाने एकाच रेषेत, सारख्याच ठामपणे उमटतात. या साधनांतला सर्वांत मोठा दोष आम्हाला हाच वाटतो. नकाशा कोणत्या वर्षीचा, कोणी तपासलेला, वाट पावसाळ्यात चालते की नाही, यांचा रकाना कोणत्या तक्त्यात असतो?

उपग्रहामार्फत संदेश पाठवू शकणाऱ्या संचांबद्दलही सावध केले पाहिजे. परदेशी लेखांत त्यांची जोरदार शिफारस असते आणि दुर्गम भागात त्यांनी प्राणही वाचवले आहेत. भारतात मात्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असे साधन बाळगणे बेकायदेशीर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर काही परदेशी प्रवाशांना याच कारणाने अडवण्यात आले होते. केवळ ऐकणाऱ्या जीपीएस संचाला ही अडचण येत नाही.

आमचा अभिप्राय असा. खटक्यांचा, पेन्सिल सेलवर चालणारा, आलेल्या वाटेने परत नेण्याची सोय असलेला आणि स्वतःची अंदाजे त्रुटी दाखवणारा संच निवडावा. परवडत असेल तर दोन वारंवारतांचा घ्यावा. रंगीत पडदा आणि हजारो खुणांची स्मृती यांसाठी जास्त पैसे मोजू नयेत. शाळेकडे पैसे नसतील, तर आधीच नकाशा उतरवून घेतलेला मोबाइल, कागदी नकाशा, होकायंत्र आणि गावातला वाटाड्या एवढे पुरे. यांतला वाटाड्या तर कोणत्याही संचाबरोबर असावाच.

खरेदीपूर्वी एक प्रयोग वर्गाकडून करून घ्यावा. शाळेच्या मैदानात एक खुंटी ठोकून तेथे दिवसभर दर अर्ध्या तासाने स्थान टिपावे आणि सारे बिंदू आलेखकागदावर मांडावेत. मग तेच भिंतीलगत आणि झाडाखाली करावे. निम्मे बिंदू ज्यात येतील ते वर्तुळ आणि जवळजवळ सगळे ज्यात येतील ते वर्तुळ काढले, की संच आपल्या अचूकतेबद्दल खरे किती बोलतो ते विद्यार्थ्यांना स्वतःच दिसेल. पडद्यावरचा ठिपका प्रत्यक्षात एक डाग असतो, हे ज्याला एकदा कळले, तो विद्यार्थी धुक्यात कड्याच्या काठापासून चार पावले लांबच थांबेल.