गाईडला मेल लिहिण्याआधी भाभांचं एक पत्र बघा

‘रिस्पेक्टेड सर, तुमचा अमुक पेपर वाचून मी खूप प्रभावित झालो.’ पीएचडीसाठी गाईड शोधताना असा मेल तुम्हीही लिहिला असेल. मी तर घाटकोपरच्या घरी बसून एका रात्रीत पंचवीस जणांना पाठवला. फक्त नाव आणि पेपरचं शीर्षक बदललं. एकाचंही उत्तर आलं नाही. तेव्हा राग आला. आज तो मेल वाचला की कळतं, त्यात कौतुक होतं, पण समोरच्याच्या कामाचं काहीच नव्हतं.

आता एक जुनं पत्र घेऊ. १२ मार्च १९४४ रोजी होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या सर सोराब सकलातवालांना लिहिलेलं. मागणी होती मूलभूत भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेची. भाभा आधी उणीव दाखवतात: देशात चांगले संशोधक आहेत, पण विखुरलेले; मोठं केंद्र नाही. मग उपयोग सांगतात: दोनेक दशकांत अणुऊर्जेपासून वीज होऊ लागेल, तेव्हा तज्ज्ञ परदेशातून आणावे लागणार नाहीत. हे हिरोशिमाच्या जवळपास दीड वर्ष आधी! देशासाठी संस्था उभ्या करणाऱ्या ट्रस्टला नेमकं भिडेल असंच हे कारण. १९४५ साली टीआयएफआर सुरू झाली.

पण ‘एका पत्राने संस्था उभी राहिली’ असं जे सांगितलं जातं, ते मला पटत नाही. भाभांच्या आत्या मेहरबाई या सर दोराबजींच्या पत्नी. भाभा १९४१ मध्येच रॉयल सोसायटीचे फेलो झालेले. पत्राआधी जेआरडी टाटांशी बोलणंही झालेलं. म्हणजे दार आधीच किलकिलं होतं. मुलुंड-बोरिवलीतून, घरात पहिल्यांदाच पीएचडी करणाऱ्याला ही सोय नसते. हे लपवून ‘चांगला मेल लिहा’ म्हणणं अर्धवट आहे.

तरी पत्र वाचायचंच. ओळखीने पत्र उघडलं जातं, पण पैसे द्यायला कारण लागतं, आणि ते भाभांनी मेहनतीने मांडलं. आपल्याकडे ओळख नाही, म्हणून कारणावरच सगळी भिस्त.

म्हणजे काय करायचं? समजा, एका मॅडमचा अंधेरी-घाटकोपर प्रवासावरचा पेपर २०१४ पूर्वीच्या माहितीवर आहे. त्यानंतर मेट्रो आली. ‘पेपर आवडला’ लिहू नका. ‘मेट्रोनंतर बसचे प्रवासी कुठे गेले, हे तुमच्याच पद्धतीने तपासता येईल का? मी शंभर जणांशी बोलून सुरुवात करू शकतो,’ असं लिहा. हा मेल दुसऱ्या कुणाला पाठवताच येणार नाही. हीच त्याची परीक्षा.

दुसऱ्या वेळी मी चारच मेल पाठवले. प्रत्येकाला आठवडा लागला. एक उत्तर आलं: जागा नाही, पण या प्रश्नासाठी अमुक सरांना भेटा. आज मी त्यांच्याकडेच काम करतोय.