माणूस नसलेले अरण्य

पुस्तकाचे परीक्षण करावे, नाटकाचे करावे, फार तर एखाद्या चित्रपटाचे करावे. परंतु पुठ्ठ्याच्या खोक्यातून निघणाऱ्या बैठ्या खेळाचे परीक्षण साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकाने कशासाठी छापावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आमच्याही मनात तो आला होता. तथापि खेळालाही कथानकासारखी रचना असते, आशय असतो, आणि मुख्य म्हणजे काय मोलाचे आणि काय बिनमोलाचे हे तो गुणांच्या भाषेत खेळणाऱ्याला सांगत असतो. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडला जाणारा मोक्षपट हा शिड्या आणि सापांच्या रूपाने मांडलेला नीतीचा पाठच होता. ‘सुम्मा’सारखा गहन ग्रंथ लिहिणाऱ्या संत थॉमस अक्वायनस यांनीही त्याच ग्रंथात खेळ आणि विनोद यांचा विचार केला आहे. मर्यादेत राहून खेळणे हा त्यांच्या मते सद्‌गुण आहे, आणि जो स्वतः कधी हसत नाही व इतरांच्या हसण्यात विघ्न आणतो तो दोषी आहे. सेमिनरीत हा भाग आम्ही परीक्षेपुरता वाचला होता. त्याचा अर्थ फार उशिरा कळला.

गेल्या काही वर्षांत युरोप-अमेरिकेतील घरांमध्ये एका जातीचे खेळ फार लोकप्रिय झाले आहेत. त्यांत फासा नसतो, किंवा असला तरी गौण असतो. जमिनीचा एकेक चौकोनी वा षटकोनी तुकडा, ज्याला सरसकट ‘टाइल’ म्हणतात, उचलून दुसऱ्या तुकड्याला जोडत जायचे आणि पाहता पाहता टेबलावर एक मुलूख उभा करायचा, असे त्यांचे स्वरूप. क्लाउस-युर्गेन व्रेडे या जर्मन गृहस्थांचा ‘कार्कासोन’ हा खेळ 2000 साली आला आणि दुसऱ्याच वर्षी त्याला ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षातील सर्वोत्तम खेळाचा जर्मन पुरस्कार, मिळाला. 2017 साली हाच मान ब्रुनो काताला यांच्या ‘किंगडोमिनो’ला, 2022 साली ‘कॅस्केडिया’ला आणि 2023 साली ‘डोर्फरोमांटिक’ला लाभला. हे चारही खेळ टाइल मांडण्याचे आहेत. यांतील ‘कॅस्केडिया’ आमच्या हाती आला, आणि त्याच्याविषयीच मुख्यत्वे लिहावयाचे आहे.

तो आला कॅनडाहून. आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाचा मुलगा तेथे नोकरीला आहे. नाताळच्या सुटीत तो घरी आला तेव्हा भाचरांसाठी त्याने हे खोके आणले. सणाच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे गेलो असता ओट्यावर मंडळी मांडी घालून बसली होती आणि मधोमध डोंगर, नद्या, माळराने पसरली होती. आमच्या पॅरिश हॉलमध्ये हाउझीचे आकडे निघतात तशीच एक कापडी पिशवी होती, फक्त तिच्यातून आकड्यांऐवजी अस्वले आणि ससाणे निघत होते. आम्हालाही बसवून घेण्यात आले.

खेळाची रचना रँडी फ्लिन यांची, चित्रे बेथ सोबेल यांची, साल 2021. खोक्यात 85 षटकोनी टाइल असतात. प्रत्येकीवर पर्वत, अरण्य, गवताळ माळ, पाणथळ आणि नदी या पाचांपैकी एक किंवा दोन भूभाग चितारलेले असतात आणि तेथे कोणता प्राणी राहू शकेल याची खूण असते. लाकडी चकत्या 100 : अस्वल, एल्क नावाचे मोठे हरीण, सामन मासा, ससाणा आणि कोल्हा (आपल्याकडचा कोल्हा नव्हे, खरे तर खोकड), प्रत्येकी 20. समोर चार टाइल आणि चार चकत्या अशा चार जोड्या मांडलेल्या असतात. आपल्या पाळीत एक जोडी उचलायची, टाइल आपल्या मुलखाला जोडायची, चकती तिच्या योग्य जागी ठेवायची आणि पुढच्याला वाट द्यायची. एकदा ठेवलेला प्राणी हलवता येत नाही. प्रत्येकाच्या 20 पाळ्या झाल्या की खेळ संपतो. अर्धा-पाऊण तास लागतो.

गुण मिळतात ते प्राण्यांच्या स्वभावाप्रमाणे, आणि या खेळाची खरी करामत येथे आहे. पहिल्या संचातील कार्डांप्रमाणे एल्कचा कळप सरळ रेषेत उभा राहिला पाहिजे. सामन मासे प्रवाहासारखे एकामागोमाग एक लागले पाहिजेत. त्यांची गर्दी झाली की गुण गेले. ससाण्याला शेजारी दुसरा ससाणा चालत नाही. खोकडाला मात्र शेजार हवा, आणि तोही जितका विविध तितका चांगला : भोवती पाच निरनिराळ्या जातींचे प्राणी असतील तर त्याला पूर्ण पाच गुण. लहान मुलाला ‘परिसंस्था’ हा जड शब्द न शिकवता त्यातील अर्धा अर्थ हाताने शिकवण्याची ही रीत आम्हाला फार आवडली. आणखी एक नियम असा की, समोरच्या चारही चकत्या एकाच प्राण्याच्या आल्या तर त्या बाजूला काढून नव्या घ्याव्याच लागतात. एकाच जातीने सगळी जागा व्यापू नये, हे नियमपुस्तिका कोणताही उपदेश न करता सांगते.

दुसरा गुण सौजन्याचा. कोणी कोणाची सोंगटी मारीत नाही, कोणी अर्ध्यावर बाद होऊन रुसून बसत नाही. शेजाऱ्याला हवी असलेली टाइल आपण उचलावी एवढीच काय ती खोडी शक्य आहे. कॅरममध्ये राणीवरून, पत्त्यांत हुकुमावरून ज्यांच्या घरी सणासुदीला कडाक्याची भांडणे होतात त्यांना या शांततेचे मोल कळेल. मात्र याच गुणाची दुसरी बाजू अशी की, प्रत्येक जण आपापल्या मुलखात मान खाली घालून गुंतलेला असतो. आमच्या शेजारी बसलेल्या मुलीने दहा मिनिटे एक शब्द काढला नाही. चार माणसे एका चटईवर चार एकांतवास भोगत आहेत असा भास अधूनमधून होतो, आणि कुटुंबाच्या खेळात ही उणीव लहान नव्हे.

निसर्गाशी प्रामाणिकपणा हा निकष लावला तर निकाल संमिश्र आहे. ससाणा, एल्क आणि सामन खरे उतरतात. अस्वलाचे मात्र चुकले. पहिल्या कार्डाप्रमाणे अस्वलांच्या जोड्या लावल्या की गुण मिळतात (एका जोडीला 4, चार जोड्यांना 27). वस्तुतः मोठे अस्वल एकटे राहणारे जनावर आहे. दुसऱ्या कार्डात नेमक्या तीन अस्वलांच्या गटाला गुण आहेत. ती आई आणि तिची दोन पिल्ले आहेत असे मानले तर ते पटते. त्याहून मोठी त्रुटी ही की, या संचात सामन आणि अस्वल यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पॅसिफिक किनाऱ्याच्या त्या प्रदेशात मात्र तोच तर मुख्य संबंध आहे! सामन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो, आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा आपल्याच जन्मनदीत येऊन मरतो. (आपल्या बाजारातील रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सामन’ म्हणतात खरे, पण तो निराळ्या कुळातला. समुद्रातून नदीत चढणारा आपला मासा म्हणजे पाला.) अस्वले ते मासे धरतात, काठावरील झाडीत ओढून नेतात, अर्धे खाऊन टाकतात, आणि समुद्रातले नत्र अशा रीतीने अरण्यातील वृक्षांच्या खोडापर्यंत पोहोचते, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. मरणातून अरण्याला जीवन देणारा हा मासा ज्या खेळात आहे, त्या खेळात तो केवळ रांग लावून उभा असावा याची चुटपुट लागते.

परंतु आमचा खरा आक्षेप याहून खोल आहे, आणि तो आम्हाला सुचला नाही, त्या घरच्या आजींना सुचला. त्या खेळत नव्हत्या, पाहत होत्या. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, “फादर, यात माणसं कुठं राहतात?”

आम्ही काही बोलण्यापूर्वीच नातू म्हणाला, “यात माणसं नाहीतच, आजी. म्हणून तर सगळे प्राणी सुखात आहेत.”

सर्व जण हसले. आम्हीही हसलो. पण ते वाक्य घरी परतताना सोबत आले. बारा वर्षांच्या मुलाला असे वाटावे, यात त्याचा दोष नाही. त्याच्या घरामागचे बावखल भरून त्यावर इमारत उभी राहिलेली त्याने पाहिली आहे. माणूस आला की पाणी जाते, झाड जाते, बेडूक जातो, हा त्याचा अनुभव आहे. पण त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष, की सृष्टी माणसाविनाच बरी, हा आपल्या श्रद्धेचा निष्कर्ष नव्हे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो तो तिची मशागत करण्यासाठी आणि राखण करण्यासाठी. बाग आधी आणि माणूस पाहुणा म्हणून नंतर, असे तेथे नाही. माळ्याशिवाय ती बाग अपुरी आहे. पोप फ्रान्सिस यांच्या 2015 सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाचे सूत्रही हेच आहे की, धरणीचा आक्रोश आणि गरिबाचा आक्रोश वेगवेगळे ऐकता येत नाहीत.

शिवाय ‘माणूस नसलेले अरण्य’ हे त्या प्रदेशापुरतेही खरे नाही. कोलंबिया नदी कॅनडात उगम पावते आणि कॅस्केड पर्वत भेदून पॅसिफिकला मिळते. तिच्या खोऱ्यात हजारो वर्षे आदिवासी जमाती सामनवर जगत आल्या. त्यांची वस्ती, त्यांचा व्यापार, त्यांचे सण सामनच्या आगमनाभोवती बांधलेले होते. वॉशिंग्टन राज्यातील केटल फॉल्स या धबधब्यापाशी ते पिढ्यानपिढ्या मासे धरीत. 19 व्या शतकात जेझुइट धर्मगुरूंनी सेंट पॉल मिशनचे लाकडी मंदिर उभारले तेही याच धबधब्याजवळ. पुढे ग्रँड कूली धरण आले. त्यावर माशांसाठी वाटच ठेवलेली नव्हती. 1940 सालच्या जून महिन्यात अनेक जमातींचे लोक केटल फॉल्सपाशी जमले आणि त्यांनी आपल्या धबधब्याचा शोकविधी केला; मग पाणी चढले आणि धबधबा बुडाला. खाली सिलायलो येथील दुसरा मोठा धबधबा 10 मार्च 1957 रोजी दुसऱ्या एका धरणाच्या पाण्याखाली गेला. सामन थांबला तो केवळ माणसामुळे, हे खरे; पण त्याच्यासाठी रडली तीही माणसेच.

त्या भागातील ख्रिस्तसभेने हे ओळखले होते. 2001 साली कोलंबियाच्या खोऱ्यातील अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांच्या कॅथलिक बिशपांनी एकत्र येऊन त्या नदीविषयी एक संयुक्त मेषपालपत्र काढले. मासा आणि धरण, आदिवासी आणि शेतकरी, वीज आणि अरण्य, या सर्वांचा विचार त्यांनी एकाच नदीची लेकरे म्हणून केला. नदीविषयी बिशपांनी पत्र लिहावे ही कल्पना तेव्हा आम्हाला नवलाची वाटली होती. आज वसईतील पाण्याचा प्रश्न समोर असताना ती नवलाची वाटत नाही. याच प्रदेशातील एल्व्हा नदीवरील दोन धरणे 2011 ते 2014 या काळात पाडण्यात आली आणि सामन पुन्हा वर चढू लागला. हे कामही माणसांनीच केले. खेळाच्या कर्त्याने 100 चकत्यांमध्ये एखादा कोळी, एखादी टोपली विणणारी बाई ठेवली असती, आणि तिचे गुण शेजारच्या सामनवर अवलंबून ठेवले असते, तर खेळ बिघडला नसता. आमच्या मते तो अधिक खरा झाला असता.

‘कार्कासोन’मध्ये उलट आहे. त्याच्या 72 टाइलवर निसर्ग म्हणजे शहरांना धान्य पुरवणारे कुरण, त्यापलीकडे काही नाही. आणि माणसे एकमेकांच्या रस्त्यांत, शहरांत घुसून हक्क सांगतात. तरी त्यात मठाची एक टाइल आहे. तिच्यावर ठेवलेला साधू धावपळ करीत नाही. त्याच्या आठही बाजूंची जमीन भरेपर्यंत तो वाट पाहतो आणि मग 9 गुण घेऊन उठतो. आमच्या पेशाविषयी इतके सहानुभूतीने बोलणारा दुसरा खेळ आम्ही पाहिलेला नाही. ‘डोर्फरोमांटिक’मध्ये सर्व मिळून एकच प्रदेश रचतात, हार-जीत सर्वांची, गावे, शेते, वने एकाच टेबलावर येतात. ‘कॅस्केडिया’तील एकांतवासाची जी तक्रार आम्ही वर केली तिचे उत्तर त्यात आहे, फक्त जे मूल जास्त बोलते तेच सर्वांच्या वतीने खेळून जाते, याकडे वडीलधाऱ्यांनी लक्ष द्यावे. ‘किंगडोमिनो’ लहानग्यांसाठी उत्तम : पंधरा-वीस मिनिटांत संपतो, आणि शेवटी प्रदेशाचे चौकोन मुकुटांच्या संख्येने गुणायचे असल्यामुळे पाढे पाठ होतात.

एवढा आक्षेप घेऊनही ‘कॅस्केडिया’ घरात असावा असेच आम्ही म्हणू. खोक्यावर वय दहा वर्षे लिहिले आहे; त्याहून लहान मुलाला आजी-आजोबांच्या जोडीला बसवावे. पुस्तिकेत कुटुंबासाठी गुणांचा सोपा प्रकारही दिला आहे, प्रारंभ त्यानेच करावा. आणि आजींचा प्रश्न कोणी विचारला नाही तर मोठ्यांपैकी कोणी तरी विचारावा.

त्या घरी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा नातवाने आपल्या नदीच्या काठी, टाइलच्या बाहेर, तांबड्या खडूने एक झोपडी काढली होती. तिला गुण किती द्यायचे यावर त्याचा आणि मामाचा वाद चालला होता. आम्ही दोन सुचवले. आजी पाचावर अडून बसल्या.