धातूंची जटिल संयुगे व औषधत्वाचा दावा

धातूंच्या जटिल संयुगांवरील अलीकडचे लेख ओळीने वाचू लागल्यास बहुतेकांची मांडणी एकाच साच्यातील आढळते. शिफ बेसचा एखादा नवा लिगंड, तांबे, निकेल, कोबाल्ट व जस्त यांची त्यापासून केलेली चार संयुगे, वर्णपटांचे वाचन, आणि अखेरीस जंतूंच्या थाळीवर मोजलेली काही मिलिमीटरांची वर्तुळे. निष्कर्षही ठरलेला : संयुग लिगंडापेक्षा प्रभावी असून त्यात औषधाची शक्यता आहे. संश्लेषणाविषयी आमची तक्रार नाही. ते काम बहुधा चोख असते. तक्रार आहे ती या शेवटच्या वाक्याविषयी.

वाढीव प्रभावाचे कारण म्हणून ट्वीडी यांच्या विवेचनाचा हवाला हमखास दिला जातो. धातूचा विद्युत् भार लिगंडावर विभागला गेल्याने ध्रुवता घटते व संयुग जंतूच्या मेदयुक्त पटलातून सहज आत शिरते, असा तो तर्क. तो संभाव्य आहे. परंतु मेद व पाणी यांत संयुगाची विभागणी किती, हे मोजण्याचे कष्ट क्वचितच घेतलेले दिसतात. शिवाय तांब्याचा साधा क्षारही जंतुघातक आहे. त्याच्याशी तुलना केली नसेल, तर श्रेय संयुगाचे की सुट्या आयनाचे?

सिसप्लॅटिनची कथा या लेखांच्या प्रस्तावनेत येतेच. ती नीट वाचली जात नाही, एवढेच. मिशिगन स्टेट विद्यापीठात रोझेनबर्ग व त्यांचे सहकारी ई. कोलाय जंतूंवर विद्युत् प्रवाहाचा परिणाम पाहत होते. जंतूंचे विभाजन थांबून ते तंतूंसारखे लांब वाढले. यश प्रवाहाच्या नावे मांडून ते थांबले नाहीत. प्लॅटिनमच्या अग्रांपासून विद्रावात उतरलेली संयुगे हे खरे कारण, असे त्यांनी १९६५ मध्ये दाखविले. १९६९ मध्ये उंदरांतील अर्बुदांवरील परिणाम प्रसिद्ध झाला. अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळावयास १९७८ उजाडले.

विद्रावात नेमके काय आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. आज तोच वगळला जातो. पाण्यात न विरघळणारी संयुगे डायमिथिल सल्फॉक्साइडात विरघळविण्याची रूढी आहे. हा विद्रावक सिसप्लॅटिनमधील क्लोराइडास हुसकावून स्वतः प्लॅटिनमशी जोडला जातो व औषध निष्प्रभ होते. तुलनेसाठी सिसप्लॅटिनही त्याच विद्रावकात ठेवले, तर नवे संयुग सरस ठरणे अवघड ते काय! संयुग चाचणीच्या माध्यमात चोवीस तास ठेवून त्याचा वर्णपट पुन्हा घेण्यास महागडे उपकरण लागत नाही. तो आलेख ज्या लेखात नाही, त्यातील वर्तुळे कोणत्या पदार्थाची, हे लेखकासही सांगता यावयाचे नाही.