क्रीडासंघांचे इतिहास

गांवांतील पहिल्या क्रीडासंघाचा इतिहास कसा लिहावा, हा प्रश्न वाङ्मयाचा आहे असें सहसा कोणी मानीत नाहीं. संस्थेचा महोत्सव आला म्हणजे संस्थापकांचीं नांवें, ढालींची यादी व देणगीदारांचे आभार मिळून एक पुस्तक निघतें आणि कपाटांत जाऊन पडतें. या वाङ्मयप्रकाराचें मर्म कोठें चुकतें, हें दाखविण्यास रग्बीच्या खेळांतील एक जुनी कथा आम्हांस उपयोगी वाटते.

१८७२ च्या नाताळच्या दिवशीं कलकत्त्यास रग्बीचा एक सामना झाला. एका बाजूस इंग्लंडचे, तर दुसऱ्या बाजूस स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्सचे खेळाडू होते. पुढच्याच महिन्यांत कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. आरंभींच १३७ सभासद मिळाले. पण फुकट मद्य बंद झालें, बफ्स नांवाची पलटण दुसरीकडे गेली, उरलेल्यांना पोलो व टेनिस यांनीं ओढून नेलें. क्लब मोडावयाची वेळ आली तेव्हां कर्णधार व चिटणीस रॉथनी यांनीं शिल्लक रकमेचा करंडक घडविण्याची सूचना केली. बँकेंतून चांदीचे रुपये काढून वितळविण्यांत आले. तीन नागांचे कान व झांकणावर हत्ती असलेला तो करंडक १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सामन्याचा मान ठरला.

कथा रमणीय आहे खरी; पण ती करंडकाची कथा आहे, गांवाची नव्हे. मैदानाभोंवतींचा बंगाली मनुष्य तींत कोठेंच दिसत नाहीं. क्लब बुडाला तो मद्य आटल्यामुळें, असें सांगून लोक हंसतात. आमच्या मतें खरें कारण निराळें आहे. पलटण हलली कीं जो संघ हलतो, त्याचें मूळ गांवच्या मातींत नव्हतेंच. पुढें कलकत्त्यांत रग्बी पुन्हा उभी राहिली. तरी भारताचा संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो १९९८ सालीं, म्हणजे सव्वाशें वर्षांनीं!

हें वाचून नाशिककरांनीं आपल्या तालमींचा गर्व वाहावा, असें मात्र नाहीं. आपल्याकडे खेळाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. मुजुमदारांनीं बडोद्याहून दहा खंडांत प्रसिद्ध केलेला व्यायामज्ञानकोश हें तर अचाट काम होय. परंतु ज्ञानकोशानें डाव सांगावे. डाव शिकावयास कोण आला व कोण बाहेर उभा राहिला, हें सांगणें संस्थेच्या इतिहासाचें काम आहे. ज्या शहरांत २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिराच्या दारासाठीं सत्याग्रह सुरू झाला, त्या शहराच्या इतिहासकारास दाराचा विसर पडून कसें चालेल?

म्हणून संस्थांच्या चिटणीसांस आमची एवढीच विनंती आहे. ढालींची यादी शेवटीं छापा. आरंभीं मैदान कोणाचें होतें, वर्गणी किती होती, कोणास प्रवेश नव्हता व तो केव्हां मिळाला, हें निर्भीडपणें लिहा. कांहीं पानें लिहितांना संकोच वाटेल. पण नातवंडें वाचतील तीं तींच पानें. चांदी वितळवून करंडक होतो. इतिहास होण्यास सत्यच लागतें.