नागरी वस्त्या आणि भांडवलाचे स्वामित्व

ठाणे व कल्याण-डोंबिवली येथील श्रमिक व दलित वस्त्यांच्या दुरवस्थेचा विचार बहुधा घरे, पाणी आणि गटारे यांपुरताच केला जातो. वस्तुतः या वस्त्यांचा आर्थिक पाया कारखान्यातील वेतन हा होता. मोहने-आंबिवली येथील नॅशनल रेयॉनचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला; वागळे इस्टेटमधील कित्येक कारखान्यांच्या जागी कार्यालये उभी राहिली. वेतन आटले की त्यावर चालणारे दुकान आणि भिशी हीही खचतात. अशा वस्तीस कोणत्या प्रकारचे अर्थसाहाय्य उपकारक ठरेल, हा खरा प्रश्न होय.

डिसेंबर १९९७ मध्ये सुरू झालेल्या स्वर्णजयंती शहरी रोजगार योजनेने शेजारगट, शेजार समिती व सामुदायिक विकास संस्था अशी त्रिस्तरीय रचना कल्पिली. वस्ती ही लाभार्थींची केवळ बेरीज नव्हे, ते एक संघटित एकक आहे, हे तत्त्व तीत मान्य झाले होते. परंतु या संस्थेकडे आले ते लाभार्थी निवडणे, अर्ज पुढे पाठविणे आणि वसुलीस साहाय्य करणे; स्वामित्व आले नाही. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात बचत गटास दहा हजार व वस्तीस्तरावरील संघास पन्नास हजार रुपयांचा फिरता निधी ठरला. एवढ्या रकमेत डोंबिवलीत एखादा गाळाही विकत मिळणे नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये हे अभियानही संपले.

याउलट, सहकारी साखर कारखान्यांत महाराष्ट्र शासनाने स्वतः भागभांडवल घातले व ऊस-उत्पादकास मालक होऊ दिले. न्यूयॉर्कमधील बेडफर्ड-स्टायव्हेसंट या कृष्णवर्णीय वस्तीतही १९६७ मध्ये स्थापन झालेल्या विकास महामंडळाने दूध भरण्याचा एक जुना कारखाना मिळवून तेथेच आपले केंद्र उभारले. त्या वस्तीच्या हाती मालमत्ता आली.

सामुदायिक निधी स्थानिक पुढाऱ्यांच्या हाती जाईल, हा आक्षेप निराधार नाही. साखर कारखान्यांचा इतिहासच त्याची साक्ष देतो. तथापि त्यावरील उपाय हिशेबतपासणी व सभासदांची जागरूकता हा होय, भांडवल नाकारणे हा नव्हे. ग्रामीण बागायतदारास जो विश्वास दाखविला गेला, तो नागरी श्रमिकास नाकारण्याचे अर्थशास्त्रीय कारण आढळत नाही; जे आढळते ते सामाजिक आहे.