‘आँखें’: उशिरा घडलेले पहिले दर्शन

रहस्यप्रधान कलाकृतीचे पहिले दर्शन निष्कलंक असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः प्रेक्षक पडद्यासमोर येतो तो पूर्वी पाहिलेल्या चेहऱ्यांचे संचित घेऊनच. रामानंद सागर यांचा ‘आँखें’ (१९६८) हा हेरपट आज प्रथमच पाहणाऱ्याला याचा विशेष प्रत्यय येतो.

१९५६ पर्यंत रायपूर हे नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होते. आज तेथील तेलीबांधा तलावाजवळच्या एखाद्या मराठी घरात हा चित्रपट प्रथमच पाहिला जात आहे, अशी कल्पना करावी. नातलगाचे सोंग घेऊन नायकाच्या घरात शिरणारी शत्रूची हस्तक पडद्यावर येताच घरातील वडीलधारी माणसे म्हणतील, “ही तर मंथरा!” सागर यांच्याच ‘रामायण’ मालिकेत (१९८७) ललिता पवार यांनी मंथरा साकारली होती. रायपूरजवळचे चंदखुरी हे कौसल्येचे माहेर, अशी लोकश्रद्धा असलेल्या या भूमीत ती ओळख अधिकच खोल रुजलेली.

अशा प्रेक्षकापुढे रहस्य उघडे पडते; उत्कंठा मात्र संपत नाही. ‘ही कोण?’ हा प्रश्न मागे पडून ‘घरच्यांना हे कधी दिसणार?’ हा प्रश्न पुढे येतो. अनपेक्षित धक्का आणि ताण यांत हिचकॉक यांनी केलेला भेद येथे आठवतो. नायक बैरूतपर्यंत शत्रूचा माग काढतो, पण त्याच्या घराचे डोळे मिटलेलेच राहतात. शीर्षकातील उपरोध दिग्दर्शकाला अभिप्रेत असो वा नसो, उशिरा आलेल्या प्रेक्षकाला तो स्पष्ट जाणवतो.

याच ठिकाणी चित्रपटाची उणीवही उघड होते. १९४२ मध्ये चपराक मारण्याच्या एका प्रसंगाचे चित्रीकरण चालू असताना ललिता पवार यांच्या डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. हिंदी चित्रपटाने ती व्यंगखूण दुष्टपणाची निशाणी म्हणून वारंवार वापरली. ‘आँखें’ त्या वहिवाटीबाहेर जात नाही. हेरकथेचा प्राण असतो तो चेहरा आणि अंतःकरण यांतील अंतरात; येथे मात्र चेहराच गुन्ह्याचा पुरावा ठरतो. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘अनाड़ी’मध्ये (१९५९) त्याच डोळ्याच्या कठोर नजरेआडून मिसेस डिसाची माया हळूहळू उलगडत जाते. खरे वेषांतर तेथे घडते, आणि तेही हेरपट नसलेल्या चित्रपटात.

म्हणून ‘आँखें’चे उशिरा घडलेले पहिले दर्शन व्यर्थ म्हणता येत नाही. चित्रपटाचे रहस्य त्यात हरवते. परंतु एका अभिनेत्रीच्या शारीरिक आघाताला आपण किती सहजपणे तिचा स्वभाव मानत आलो, हे प्रेक्षकाला त्यातून उमगते. अखेर संशयाची सुई पडद्यावरील बाईवरून पाहणाऱ्याच्या दृष्टीकडे वळते.