निवाडा वाचताना

वाङ्मयीन वार्षिकात न्यायालयीन निवाड्यांची समीक्षा कशाला, असे कुणी विचारील. पण निवाडा हीदेखील एक संहिताच असते. तिलाही निवेदक असतो, सूर असतो. शाहबानो खटल्याचा निवाडा (२३ एप्रिल १९८५) आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचला. भांडलो मात्र सगळेच.

इंदूरच्या या वृद्धेची मागणी साधी होती: फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी. दंडाधिकाऱ्यांनी महिना २५ रुपये दिले, उच्च न्यायालयाने १७९ रुपये २० पैसे केले. सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. हे कलम सर्वधर्मीयांना लागू आहे, एवढ्यावर भागले असते. पण सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड तिथे थांबले नाहीत. त्यांनी सूरह बकराची २४१ वी आयत घेतली, तिची भाषांतरे तपासली, अर्थ लावला. वर समान नागरी कायदा न झाल्याची खंतही नोंदवली. अर्थ चुकला असे मला वाटत नाही. पण अर्थ लावायचा अधिकार कुणाचा, याच प्रश्नावर रान पेटले आणि पोटगी मागणारी बाई बाजूला पडली. पुढे खुद्द शाहबानोंनीच हा निवाडा जाहीरपणे नाकारला.

मग १९८६ चा कायदा आला. पोटगी इद्दतीपुरतीच, असाच त्याचा अर्थ बहुतेकांनी घेतला. शाहबानोंचे वकील दानियाल लतिफी यांनी त्याला आव्हान दिले. २८ सप्टेंबर २००१ चा निवाडा मला त्यामुळेच पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. कायदा रद्द झाला नाही. न्यायालयाने फक्त त्यातले शब्द नीट वाचले: वाजवी तरतूद इद्दतीच्या मुदतीत करायची आहे, इद्दतीपुरती नव्हे. म्हणजे नवऱ्याने त्या मुदतीत तिच्या पुढच्या आयुष्याची सोय लावायची. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० सालीच असा अन्वयार्थ लावला होता. एका प्रत्ययाने जे साधले, ते आयतीच्या भाष्याने साधले नव्हते. शरियत वाचवल्याचा आनंद ज्यांनी १९८६ मध्ये साजरा केला, त्यांच्याच कायद्यातून हे निघाले, ही गंमत वेगळीच.

तरी मोह सुटत नाही. २०१७ च्या तिहेरी तलाकच्या निकालात न्यायमूर्तींनी पुन्हा आयती चाळल्या. धर्माचा अभ्यास न्यायाधीशांनी करू नये असे नाही. पण अल्पसंख्य समाजाचा ग्रंथ सरकारी न्यायासनावरून वाचला जातो तेव्हा ऐकणाऱ्याच्या कानात भीती आधीपासून असते. ती भीती खरी असते, आणि तिचा वापर करणारेही खरेच असतात. १० जुलै २०२४ ला तलाकपीडितेला कलम १२५ चाही मार्ग खुला असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. चाळीस वर्षांनी गाडी त्याच थांब्यावर आली.

आणि आपले साहित्य? आपल्या बहुतेक कथांत तलाक तीन शब्दांत होतो आणि कथाही तिथेच संपते. मेहर, इद्दत, तारखा, वकिलाची फी यांना जागा नसते. कोर्टाच्या व्हरांड्यात वकील तिला विचारतो, "पुढच्या आयुष्याला किती लागतील, आकडा सांगा." त्या प्रश्नापासून सुरू होणारी कथा अजून माझ्या वाचनात आलेली नाही.